प्रवास मुलांच्या हाती कसा द्यावा: घराजवळच्या भटकंतीचं टप्प्याटप्प्यानं नियोजन

लांबच्या सहलीत बारा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे बहुतेक वेळा एकच काम असतं, सांगितलेल्या वेळी गाडीत बसायचं. तिकिटं मोठ्यांनी काढलेली असतात, मुक्काम ठरलेला असतो, काय बघायचं तेही ठरलेलं असतं. मूल पुष्कळ काही पाहून येतं, पण ठरवत काहीच नाही. त्याच्यावर काही सोपवावं म्हटलं तरी धीर होत नाही, कारण एक गाडी चुकली की पुढचे तीन दिवस विस्कटतात आणि भरलेले पैसे बुडतात.

घरापासून दोन तासांच्या आत हीच चूक परवडते. गाडी चुकली तर पुढची मिळते. वाट चुकली तर अर्धा तास जातो. डबा घरी राहिला तर संध्याकाळी परतून पोटभर जेवता येतं. शिवाय पुढच्या सुट्टीला त्याच जागी पुन्हा जाऊन ती चूक दुरुस्तही करता येते, आणि लांबच्या सहलीत नेमकं हेच जमत नाही. जवळच्या प्रवासातून मुलं घडतात ती निर्णय घेण्याच्या या सरावामुळे. म्हणून पुढचं सगळं नियोजन एकाच प्रश्नाभोवती आहे: या फेरीत कोणता निर्णय मुलांचा असेल? साधारण ११ ते १८ या वयासाठी हे लिहिलं आहे. पालक, शिक्षक, मोठी भावंडं, कोणीही ते वापरू शकतं.

‘जवळ’ म्हणजे किती जवळ

किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. तीन अटी पुऱ्या झाल्या की जागा जवळची समजावी. घरून निघाल्यावर दोन तासांत तिथे पोचता आलं पाहिजे. परतायला किमान दोन मार्ग हवेत, म्हणजे बस आणि रेल्वे, किंवा दोन वेगळ्या रस्त्यांवरचे थांबे. आणि निरोप मिळाल्यापासून दीड तासात एखादं मोठं माणूस तिथे पोचू शकलं पाहिजे. तिसरी अट सुटली की मोठ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि मग ते दर दहा मिनिटांनी फोन करून सगळे निर्णय स्वतःकडे परत घेतात.

मुलांसमोर कागदी नकाशा पसरा आणि त्यांनाच शोधू द्या. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, १:२५,००० वर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. वळणावळणाच्या वाटेवर दोरा ठेवून तो पट्टीवर मोजायचा. फोनवरचा नकाशा अंतर लगेच सांगतो हे खरं, पण तो वाट स्वतःच निवडतो. दोरा ठेवताना पूल कुठे आहे, चढ कुठे सुरू होतो, वाट ओढ्याच्या कोणत्या बाजूनं जाते, हे आपसूक दिसतं. फोनचा नकाशा नंतर पडताळणीसाठी वापरावा.

सहा निर्णय, चार पायऱ्या

प्रवासात सोपवता येण्यासारखे मोठे निर्णय सहा: कुठे जायचं, कोणत्या वाटेनं जायचं, केव्हा निघायचं आणि परतायचं, पैसे कसे वापरायचे, सोबत कोण, आणि मधूनच माघार घ्यायची की नाही. ते याच क्रमानं सोपे ते अवघड असे येतात. जागा निवडणं अकरा वर्षांच्या मुलालाही जमतं. ठरवलेला बेत अर्ध्यावर सोडून मागे फिरणं मोठ्यांनाही जड जातं, म्हणून तो निर्णय सर्वांत शेवटी.

पहिल्या पायरीवर मोठं माणूस बरोबर असतं, पण वीस पावलं मागे चालतं. जागा आणि वाट मुलं ठरवतात. फाट्यावर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं तर मान हलवायची नाही. चुकीच्या वाटेला लागली तरी, धोका नसेल तर, पंधरा मिनिटं त्याच वाटेनं जाऊ द्यायचं. आपण चुकलो हे त्यांचं त्यांना कळणं हाच या पायरीचा उद्देश आहे.

दुसऱ्या पायरीवर मोठं माणूस वेगळं निघून ठरल्या ठिकाणी वाट पाहतं. आता वेळ आणि पैसे मुलांकडे आले. तिसऱ्या पायरीवर मोठी माणसं घरी राहतात. मुलं दिवसभर बाहेर असतात आणि दोनदा निरोप देतात. चौथी पायरी एका रात्रीच्या मुक्कामाची.

प्रत्येक पायरीवर किमान तीन फेऱ्या व्हाव्यात. पहिली फेरी घाबरत होते, दुसरी अतिआत्मविश्वासात, तिसरीत खरी तयारी दिसते. दुसऱ्या फेरीच्या यशावर भाळून पुढची पायरी चढवणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे.

मोठ्यांनी अंतर राखून देखरेख करण्याची ही पद्धत नवी नाही. ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या ‘ड्यूक ऑफ एडिंबरा’ पुरस्कार योजनेतल्या मोहिमांत ४ ते ७ मुलांचा गट स्वतः वाट आखतो आणि चालतो, पर्यवेक्षक ठरलेल्या जागी भेटतात. घरगुती फेरीसाठी गट ४ ते ५ जणांचा ठेवावा. चारच का? कोणाचा पाय मुरगळला तर एकानं त्याच्याजवळ बसायचं आणि दोघांनी मिळून मदत आणायची, म्हणजे कोणीच एकटं पडत नाही. सहाच्या पुढे गेलं की गटाचे दोन गट होतात आणि मागच्यांना पुढच्यांनी काय ठरवलं ते कळत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पुष्कळ घरांत मुलाला चौदाव्या वर्षी मिळणारी पायरी मुलीला अठराव्या वर्षीही मिळत नाही. काळजी वाटत असेल तर सोबत वाढवा, वेळ अलीकडे आणा, जास्त वर्दळीची जागा निवडा. पायरी मात्र तीच ठेवा. निर्णयच काढून घेतले तर ती मुलगी एकटीनं प्रवास करायची वेळ येईल तेव्हा तिच्याकडे सरावच नसेल.

वेळेचं गणित उलटं करायचं

हा भाग सर्वांत जास्त चुकतो, म्हणून इथे घाई करू नका.

पायी किती वेळ लागेल याचा आडाखा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडला. आज वापरात असलेल्या त्याच्या रूपात दर ५ किलोमीटरला १ तास धरतात आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास मिळवतात. समजा वाट ८ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ३०० मीटर. चालायला १ तास ३६ मिनिटं, चढासाठी ३० मिनिटं, मिळून २ तास ६ मिनिटं. पण हा आडाखा सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. नव्या गटासाठी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा, म्हणजे सव्वातीन तासांच्या आसपास. दर तासाला १० मिनिटांची विश्रांती धरली की साधारण ३ तास ४० मिनिटं होतात. हे गणित मुलांनीच मांडावं आणि परतल्यावर खऱ्या वेळेशी ताडून पाहावं. तीन-चार फेऱ्यांनंतर गटाला स्वतःचा वेग कळतो, आणि मग कोणाच्या आडाख्याची गरज राहत नाही.

यानंतर ‘परत फिरण्याची वेळ’ काढायची. ती शेवटाकडून सुरुवातीकडे मोजतात. शेवटची गाडी हिशेबात धरायचीच नाही, तिच्या आधीची धरायची. शेवटची चुकली तर पर्याय उरत नाही, आधीची चुकली तर एक शिल्लक असते. समजा ती आधीची गाडी ४:४० ला आहे. थांब्यावर १५ मिनिटं आधी, म्हणजे ४:२५ ला पोचायचं. परतीची चाल १ तास ४० मिनिटांची, म्हणजे २:४५ ला निघायला हवं. त्यातून १५ मिनिटं राखीव काढली की २:३० ही परत फिरण्याची वेळ आली. ती सगळ्यांच्या टिपणवहीत लिहिलेली असावी. २:३० ला टेकडीचा माथा, धबधबा किंवा जुना बुरूज दहा मिनिटांवर दिसत असला तरी मागे वळायचं.

हे मुलांना फार कडक वाटतं. कारण समजावून सांगितलं तर पटतं: ‘दहा मिनिटं’ म्हणजे जाऊन येऊन वीस, वर थांबलात की चाळीस, आणि थकलेल्या पायांनी उतरताना तोल जातो तो नेमका उशीर भरून काढायच्या घाईत. माघारीचा निर्णय गटावर सोपवण्याआधी हे गणित त्यांच्या अंगवळणी पडलेलं असावं.

जाताना एक प्रश्न घेऊन जा

‘बघून येऊ’ एवढ्याच हेतूनं गेलेला गट तासाभरात कंटाळतो आणि फोन काढतो. एकच प्रश्न हवा, आणि त्याचं उत्तर घरी बसून शोधता येत नसावं. या ओढ्याचं पाणी कुठून येतं आणि कोणत्या नदीला मिळतं? या वस्तीतली मुलं शाळेला कशी जातात? जुन्या पुलाचा दगड कुठला? बाजारात आज जे विकायला आहे त्यातलं किती इथलं आणि किती बाहेरून आलेलं? प्रश्न असा असावा की किमान तीन अनोळखी माणसांशी बोलावं लागेल. स्वतःचं नाव सांगणं, कशासाठी आलो ते सांगणं, समोरचा कामात असेल तर थांबणं आणि शेवटी आभार मानणं, एवढं घरून निघण्याआधी एकदा बोलून पाहा. लाजऱ्या मुलाला पहिल्या फेरीत फक्त रस्ता विचारायचं काम द्यावं, पुढच्या फेरीत मुलाखतीचं.

जवळचं नीट पाहिल्याशिवाय दूरचं कळत नाही हा विचार स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी एडिंबरामध्ये एका इमारतीतच उतरवला होता. १८९२ मध्ये त्यांनी घेतलेल्या ‘आउटलुक टॉवर’ मध्ये पाहणारा आधी वरून भोवतालचं शहर पाही, मग एकेक मजला उतरताना देश, पुढे युरोप आणि तळाशी जग अशी मांडणी होती. मुलांच्या टिपणवहीलाही हाच क्रम लावता येतो. आधी डोळ्यांना दिसलं ते, मग माणसांनी सांगितलं ते, आणि घरी आल्यावर पुस्तकातून किंवा इंटरनेटवरून सापडलं ते. तिन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहावं. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवायची सवय याच वयात लागते.

पैसे

दिवसाची सगळी रक्कम निघताना एकाच पाकिटात द्या. रस्त्यात थोडे थोडे देऊ नका. मुलांनी तिचे भाग करावेत: जाण्या-येण्याचं भाडं, खाणं, प्रवेशशुल्क. संपूर्ण गटाचं परतीचं भाडं पुरेल एवढी रक्कम वेगळ्या पाकिटात, वेगळ्या मुलाजवळ, बंद करून ठेवायची. पाकीट हरवलं किंवा मारलं गेलं तरी घर गाठता येतं.

उरलेल्या पैशांचं काय करायचं हे आधीच सांगा. ते परत द्यायचे असतील तर मुलं उगाच खर्चून टाकतात. स्वतःला ठेवायचे असतील तर काही जण उपाशी राहून वाचवतात. उरलेली रक्कम गटाच्या पुढच्या फेरीच्या खात्यात जमा करणं सर्वांत चांगलं, कारण मग काटकसर करायलाही कारण मिळतं आणि खाण्यावर खर्च करायलाही. हिशेब जुळला नाही तर रागवू नका. शंभरातले दहा कुठे गेले हे त्यांनाच शोधू द्या.

पिशवी, पाय आणि पाणी

दिवसभराच्या फेरीत पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावं. ४० किलोच्या मुलाची पिशवी ४ किलोपेक्षा जड नको. चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर पाणी, उन्हात त्याहून जास्त. पिशवी मुलानंच भरायची. मोठ्यांनी फक्त चार गोष्टी पाहाव्यात: पाणी, टॉर्च, फोन नंबर लिहिलेला कागद, पायाच्या फोडांसाठी चिकटपट्टी. छत्री राहिली, टोपी राहिली, तर राहू द्या. एकदा भिजल्यावर पुन्हा आठवण करावी लागत नाही. थंडी-पावसाचा जोर असेल तर मात्र गरम कपडा आणि पावसाळी जाकीट या यादीत धरावं, कारण ओल्या अंगानं थंडीत राहणं धोक्याचं आहे.

चाल बिघडते ती बहुधा पायाच्या फोडांनी. कातडी ओली आणि मऊ झाली, मोजा सरकला, त्याच जागी घासत राहिलं की फोड येतो. फोड येण्याआधी ती जागा गरम आणि चुरचुरती लागते, तेव्हाच थांबून पट्टी लावायची असते. मुलं थांबत नाहीत, कारण आपल्यामुळे सगळे खोळंबतील याची लाज वाटते. म्हणून निघाल्यावर पहिल्या २० मिनिटांनी सगळ्यांनीच थांबून बूट-मोजे नीट करायचे असा नियम करा. मग कोणाला एकट्याला सांगावं लागत नाही. नवे बूट आधी आठवडाभर घराजवळ घालून फिरावेत.

फोन कशासाठी आणि कशासाठी नाही

मुलाचं ठिकाण सतत नकाशावर पाहत राहणं टाळा. आपण पाहतो हे त्याला ठाऊक असतं, आणि मग चुकलो तर घरून फोन येईलच अशा भरवशावर ते चालतं. त्याऐवजी दोन निरोप ठरवा: ठिकाणी पोचल्यावर एक, परतीच्या गाडीत बसल्यावर एक. कॉलऐवजी साधा मेसेज पाठवावा. क्षीण सिग्नलमध्ये कॉल लागत नाही तिथेही मेसेज अनेकदा जातो.

निरोप चुकला तर काय, हे दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. ठरल्या वेळेनंतर ३० मिनिटं थांबायचं. मग मुलाला फोन, न लागल्यास गटातल्या दुसऱ्याला. तासभर कोणाचाच पत्ता लागला नाही तर निघायचं आणि आखलेल्या वाटेच्या परतीच्या टोकाकडून शोधायला लागायचं. म्हणूनच वाटेची एक प्रत घरी ठेवलेली असावी आणि गटानं ती मनानं बदलायची नाही.

नकाशा आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर ठेवला तरी बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालतं आणि बॅटरी बरीच टिकते.

जिथे मुलांना मुभा नाही

निर्णय सोपवायचे म्हणजे सगळेच नव्हे. काही नियम मोठ्यांचे असतात आणि त्यांवर चर्चा होत नाही. ते मोजकेच असावेत, म्हणजे पाळले जातात.

वाट हरवली तर थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि दहा मिनिटांनी शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जायचं. ‘खाली उतरलं की रस्ता लागेल’ म्हणून उतारानं सुटायचं नाही, कारण असे उतार पुष्कळदा कड्याशी किंवा घळीत संपतात. मदतीसाठी मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. प्रत्युत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं असतं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर किंवा गढूळ असेल, तर ओलांडायचं नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी मोजले गेले, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे असं समजून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. झाडाखाली उभं राहायचं नाही. कोणालाही मागे एकटं सोडायचं नाही.

गटाच्या आत

चार कामं, चार जण: नकाशा, घड्याळ, पैसे, आणि सर्वांत मागे चालून कोणी सुटत नाही ना हे पाहणं. दर विश्रांतीला कामं बदलायची. न बदलल्यास जो हुशार आहे तोच नकाशा धरून बसतो आणि बाकीचे त्याच्यामागून चालतात. म्हणजे मोठ्या माणसाची जागा एका मुलानं घेतली, एवढाच फरक. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवा. तो शेवटी असला की पुढचे त्याची वाट पाहत थांबतात, तो पोचताच निघतात, आणि विश्रांती सगळ्यांना मिळते, त्याला सोडून.

व्हीलचेअर वापरणारं किंवा फार चालू न शकणारं मूल गटात असेल तर पायवाटेऐवजी गाडी बदलण्याचे टप्पे मोजा: दोन गाड्या, एक रेल्वेस्थानक, एक संग्रहालय. रॅम्प (चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार), लिफ्ट, स्वच्छतागृह याची चौकशी फोनवरून त्या मुलानंच करावी.

परतल्यावर

त्याच संध्याकाळी काही विचारू नका. दमलेल्या मुलाकडून ‘छान झालं’ एवढंच मिळतं. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं बसा आणि तीनच प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः काय काय ठरवलंत? बेतापेक्षा कुठे वेगळं झालं आणि का? पुढच्या वेळी काय बदलाल? मग कोऱ्या कागदावर कालची वाट आठवणीनं काढायला सांगा. ती छापील नकाशाशेजारी ठेवली की कोण भोवताल पाहत चाललं आणि कोण फक्त पुढच्याची पाठ पाहत, ते लगेच उमगतं.

उत्तर ऐकताना मधे बोलू नका. प्रश्न विचारल्यावर मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक मोठ्यांना पाचापर्यंतही थांबवत नाही.

प्रगती झाली हे ओळखायचं कसं? मूल न सांगता घड्याळ पाहू लागतं. मागच्यासाठी स्वतःहून वेग कमी करतं. ‘मला माहीत नाही, विचारून घेतो’ असं सहज म्हणतं. आणि एखाद्या दिवशी आभाळ पाहून ‘आज नको जायला’ असं तेच सांगतं. यातलं शेवटचं दिसलं की चौथ्या पायरीची, रात्रीच्या मुक्कामाची वेळ आली.

मुक्कामाला साधी जागा शोधा. जर्मनीत रिचर्ड शिरमान हे शिक्षक १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी फिरत असताना वादळात सापडले आणि त्यांनी एका शाळेत रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामाला का वापरू नयेत, हा विचार तिथून निघाला आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी युवा वसतिगृह उभं राहिलं. तुमच्या मुलांनाही छप्पर, पाणी, स्वच्छतागृह आणि रात्री हाकेच्या अंतरावर एक ओळखीचं मोठं माणूस, एवढं पुरे. अंथरूण घालणं, भांडी घासणं, सकाळी जागा होती तशी करून ठेवणं हे सगळं त्यांच्याकडे.

पहिल्या मुक्कामासाठी नवी जागा निवडू नका. तीनदा दिवसा पाहिलेल्याच ठिकाणी जा. वाट पाठ असल्यानं अंधार, अनोळखी आवाज आणि घरची आठवण या तिन्हींकडे लक्ष द्यायला मुलांना उसंत मिळते. निघताना घरच्यांनी एक प्रश्न द्यावा: दिवसा दिसलं नाही असं इथे रात्री काय असतं?